दोन हिमकण सारखे नसतात, हे जगाच्या मनावर ठसवणारा शेतकरी : स्नोफ्लेक बेंटली आणि त्याचा भात्याचा कॅमेरा

जगात कोणतेही दोन हिमकण एकसारखे नसतात. हे वाक्य तुम्ही शाळेत ऐकलं असेल, एखाद्या रीलमध्ये ऐकलं असेल, नाहीतर फॉरवर्डमध्ये वाचलं असेल. ही गोष्ट जगभर पसरली ती मुख्यतः एका माणसामुळे. तो ना प्राध्यापक होता, ना कुठल्या प्रयोगशाळेत नोकरीला. अमेरिकेतल्या एका खेड्यात गाई सांभाळणारा तो शेतकरी होता.

त्याचं नाव विल्सन बेंटली. गाव त्याला स्नोफ्लेक बेंटली म्हणायचं. त्याने आयुष्यभरात हिमकणांचे ५ हजारांहून जास्त फोटो काढले, तेही जवळपास एकाच कॅमेऱ्यावर. पण याच फोटोंवरून त्याच्यावर एक आरोपही झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर, त्याचे फोटो एडिट केलेले आहेत, असा.

तो आरोप खरा होता का? समजून घ्यायचं तर गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागेल.

आईने दिलेला मायक्रोस्कोप

बेंटलीचा जन्म ९ फेब्रुवारी १८६५ चा. गाव जेरिको, राज्य व्हरमाँट. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातला हा डोंगराळ भाग. हिवाळा लांबलचक आणि बर्फ भरपूर. घरी दुभत्या गाई होत्या, शेती होती आणि मेपलच्या झाडांच्या रसापासून साखर करण्याचं कामही चालायचं.

विल्सनची आई लग्नाआधी शिक्षिका होती. तिने त्याला वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलं. घरात विश्वकोशाचे खंड होते, ते त्याने वाचून काढले. पंधराव्या वर्षी आईने त्याला स्वतःकडचा एक जुना मायक्रोस्कोप दिला. इतर पोरं बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारत असताना हा एकेक कण काचेखाली ठेवून बघत बसायचा.

काचेखाली त्याला दिसला एक षटकोन. सहा पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीवर तीच नक्षी. एखाद्या सुगरण हाताने दारात मोजून मापून रांगोळी काढावी तशी. दुसरा कण ठेवला, तर तोही सहा कोनांचा, पण नक्षी वेगळी.

हे बघणारा तो पहिला नव्हता. योहानेस केप्लरने १६११ मध्येच हिमकणाला सहाच कोन का असतात, यावर एक छोटी पुस्तिका लिहिली होती. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या हिमकणांची चित्रं छापली होती. पण चित्रं हातानेच काढावी लागायची, आणि अडचण तिथेच होती.

विल्सननेही चित्रं काढायला घेतली. तीन हिवाळे तो काढत राहिला. पण नक्षी इतकी बारीक असायची, की चित्र पूर्ण होण्याआधीच कण विरघळून जायचा. एकदा गेलेला कण पुन्हा मिळायचा नाही. म्हणजे जे काही दिसलं, त्याचा पुरावाच उरत नव्हता.

१०० डॉलरचा हट्ट

यावर उपाय एकच होता, तो म्हणजे फोटो. मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडता येतो, हे विल्सनने वाचलं होतं. पण तो काळ १८८० च्या दशकाच्या सुरुवातीचा. कॅमेरा आणि त्याला जोडायचा चांगला मायक्रोस्कोप यांची किंमत होती सुमारे १०० डॉलर. थोड्या गाईंवर घर चालवणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही फार मोठी रक्कम होती.

वडिलांना हा सगळा खुळचटपणा वाटायचा. बर्फाचे फोटो काढून कुणाचं पोट भरणार? शेवटी आईने वडिलांचं मन वळवलं आणि सतरा वर्षांच्या मुलासाठी कॅमेरा घरात आला.

कॅमेरा आला, पण फोटो काही येईना. विल्सनने त्याआधी कधी एकही फोटो काढला नव्हता आणि शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं. कधी फोटो धुरकट यायचा, कधी कण विरघळायचा, कधी काचेवर काहीच उमटायचं नाही. अखेर १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाची वीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाही उरला नसताना, त्याला पहिला स्वच्छ फोटो मिळाला. मायक्रोस्कोपमधून काढलेल्या हिमकणांच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या फोटोंमध्ये तो गणला जातो.

भात्याचा कॅमेरा म्हणजे नेमकं काय?

बेंटलीचा कॅमेरा आजच्यासारखा मुठीत मावणारा नव्हता. पुढे लेन्स, मागे फोटोची काच आणि मध्ये घड्या पडणारी लांबलचक पिशवी. लोहाराच्या भात्यासारखी किंवा पेटीच्या भात्यासारखी. म्हणून त्याला भात्याचा कॅमेरा म्हणायचं. पण या भात्याचं काम हवा मारण्याचं नाही. लेन्स आणि काच यांच्यातलं अंतर कमी-जास्त करायचं आणि त्या वाटेत बाहेरचा उजेड शिरू द्यायचा नाही, हे त्याचं काम.

या अंतरातच सगळी जादू आहे. लेन्स काचेपासून जितकी लांब नेऊ, तितकी ती जवळची वस्तू स्पष्ट दाखवते आणि प्रतिमा तितकी मोठी होते. उदाहरणार्थ, ५० मिलिमीटरची साधी लेन्स घेतली आणि वस्तूची प्रतिमा तिच्या खऱ्या आकाराएवढी हवी असेल, तर लेन्स नेहमीच्या जागेपासून आणखी ५० मिलिमीटर पुढे न्यावी लागते. १० पट मोठी हवी असेल, तर तब्बल अर्धा मीटर.

मायक्रोस्कोपची लेन्स इथेच कामाला येते. तिचं नाभीय अंतर खूप कमी असतं. २० मिलिमीटरची लेन्स असेल, तर १० पट मोठ्या प्रतिमेसाठी भाता फक्त २० सेंटिमीटर जास्त ताणावा लागतो. म्हणजे लेन्स जितकी छोटी, तितकं त्याच भात्यावर वस्तू मोठी करणं सोपं.

पण याची किंमत मोजावी लागते ती उजेडात. भाता ताणला की तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरतो. खऱ्या आकाराच्या प्रतिमेला नेहमीच्या चौपट उजेड लागतो. १० पट मोठ्या प्रतिमेला सुमारे १२० पट. उजेड वाढवता येत नसेल, तर कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. दुसरी अडचण म्हणजे फोकस. वस्तूचा कागदाएवढा पातळ थरच स्पष्ट येतो, बाकी सगळं धूसर. तो थर जाड करायचा तर लेन्सचं भोक बारीक करायचं, म्हणजे उजेड आणखी कमी.

आजही मॅक्रो फोटोग्राफी करणारे हौशी लोक जुन्या फिल्म कॅमेऱ्याची किंवा एन्लार्जरची लेन्स भात्याला जोडून मुंगीचे डोळे आणि फुलातले पराग टिपतात. त्यांना याच अडचणी येतात. फरक एवढाच, की त्यांच्याकडे फ्लॅश असतो. बेंटलीला उजेड लागायचा, पण ऊब चालणार नव्हती.

श्वास रोखून काढलेला फोटो

बर्फ पडायला लागला की बेंटलीचा दिवस सुरू व्हायचा. घराच्या मागे सरपण ठेवायची खोली होती. तिथे शेकोटी नाही, काही नाही. बाहेर जेवढी थंडी, तेवढीच आत. तेच त्याचं स्टुडिओ.

काळ्या रंगाची पाटी घेऊन तो दारात उभा राहायचा. त्यावर पडलेले कण भिंगातून बघायचा. बहुतेक कण तुटके, चिकटलेले किंवा ओबडधोबड असायचे. ते झटकून टाकायचा. चांगला कण दिसला, की झाडूच्या काडीने अलगद उचलून काचपट्टीवर ठेवायचा आणि पक्ष्याच्या पिसाने हलकेच दाबून सपाट करायचा. हे सगळं श्वास रोखून. तोंडातली वाफ लागली की कण गेलाच.

घाई विरघळण्याच्या भीतीने असायचीच, पण आणखी एक कारण होतं. कडाक्याच्या थंडीतही बर्फ हळूहळू थेट वाफ होऊन उडत असतो. काही मिनिटांत कणाच्या धारदार कडा बोथट व्हायला लागतात.

मग काचपट्टी मायक्रोस्कोपखाली जायची. कॅमेरा खिडकीकडे रोखलेला असायचा, म्हणजे बाहेरचा उजेड कणातून आरपार येईल. भाता ताणला की कॅमेरा इतका लांब व्हायचा, की मागे उभं राहून प्रतिमा बघताना पुढच्या फोकसच्या चाकापर्यंत हातच पोहोचायचा नाही. त्यावर बेंटलीने दोरी आणि चाकांची जुळणी स्वतःच केली. मागून दोरी ओढली की पुढे फोकस फिरायचा. त्यानंतर साधारण १० ते १०० सेकंद कॅमेरा उघडा. तेवढा वेळ कण टिकला, तर फोटो मिळाला.

एका वादळात असे मोजकेच फोटो हाती लागायचे. वादळ संपलं की पुन्हा गाईंच्या धारा आणि शेण-गोठा.

सहाच कोन का?

पाण्याचे रेणू गोठताना एकमेकांना ठरावीक कोनात धरतात आणि त्यातून षटकोनी जाळी तयार होते. त्यामुळे ढगात जन्माला येणारा इवलासा स्फटिक षटकोनी असतो. त्याचे सहा कोपरे बाहेर आलेले असल्याने हवेतली वाफ त्यांच्यावर आधी बसते आणि तिथून फांद्या फुटतात. खाली येताना कण वेगवेगळ्या थंडीच्या आणि ओलाव्याच्या थरांतून जातो, तशी त्याची वाढ बदलत जाते. सहाही फांद्या एकाच वाटेने येतात, म्हणून त्या एकमेकींसारख्या दिसतात. दुसऱ्या कणाची वाट वेगळी, म्हणून त्याची नक्षी वेगळी.

या गणिताचा पूर्ण उलगडा बेंटलीच्या काळात झालेला नव्हता. पण कोणत्या थंडीत आणि वादळाच्या कोणत्या भागात कसे कण पडतात, याच्या नोंदी तो वर्षानुवर्षं ठेवत होता. कणाचा आकार पाहून तो ज्या हवेतून आला तिचा अंदाज बांधता येईल, असं त्याने ओळखलं होतं.

तेरा वर्षं कुणाला पत्ताच नाही

पहिला फोटो १८८५ चा. जगाला त्याची ओळख झाली १८९८ मध्ये. मधली तेरा वर्षं बेंटली फोटो काढत राहिला आणि ते घरातच पडून राहिले. गावातल्या लोकांना तो थोडा वेडसर वाटायचा. मग व्हरमाँट विद्यापीठातले प्राध्यापक जॉर्ज पर्किन्स यांनी फोटो पाहिले आणि लेख लिहायला मदत केली. तो १८९८ मध्ये एका लोकप्रिय विज्ञान मासिकात छापून आला.

त्यानंतर बेंटली स्वतः लिहायला लागला. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या मासिकात १९०२ मध्ये त्याचा मोठा लेख अडीचशेहून जास्त फोटोंसह छापला गेला. १९०३ मध्ये त्याने ५०० फोटो स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवले. ते आजही तिथे जपलेले आहेत.

फोटो एडिट केले होते का?

आता त्या आरोपाकडे वळू. बेंटलीच्या फोटोंमध्ये काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर पांढराशुभ्र कण दिसतो. प्रत्यक्षात कॅमेऱ्यातून तो तसा येत नव्हता. मागून उजेड येत असल्याने पार्श्वभूमीही उजळच यायची. पांढऱ्यावर पांढरं, त्यामुळे नक्षी उठून दिसत नसे.

म्हणून बेंटली मूळ निगेटिव्हची एक प्रत बनवायचा. मग त्या प्रतीवर कणाच्या कडेकडेने धारदार चाकूने रसायनाचा थर खरवडून काढायचा. जिथला थर गेला, ती जागा छापील फोटोत काळी यायची. एकेका कणासाठी हे काम कधीकधी काही तास चालायचं.

जर्मनीतले हवामानशास्त्रज्ञ गुस्ताव हेलमान यांना हे अजिबात पटलं नाही. त्यांनी रिचर्ड नॉयहाउस यांच्याकडून हिमकणांचे फोटो काढून घेतले होते आणि १८९३ मध्ये त्यावर पुस्तक छापलं होतं. त्यांच्या फोटोंमधले कण बेंटलीच्या कणांइतके सुबक नव्हते. अनेक वाकडे होते, एखादी फांदी लहान-मोठी होती. चाकू चालवताना बेंटली कणाची खरी कडाच बिघडवतो, असा हेलमान यांचा आक्षेप होता.

बेंटलीने चाकू वापरल्याचं कधी लपवलं नाही. फोटो निसर्गाशी जास्तीत जास्त प्रामाणिक असावा हाच हेतू आहे, आणि त्यासाठी हात फिरवावा लागला तर ते योग्यच आहे, अशी त्याची भूमिका होती. मूळ निगेटिव्ह त्याने जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे पडताळून पाहायची सोय होती.

मग बरोबर कोण? एका अर्थाने दोघंही. कणाच्या आतली नक्षी बेंटलीने रचलेली नव्हती, ती बर्फाचीच होती. पण हेलमान यांच्या आक्षेपाला आणखी एक बाजू होती, आणि ती चाकूपेक्षा मोठी ठरली. बेंटली फोटो काढण्याआधीच निवड करत होता. पाटीवर पडलेल्या ढीगभर कणांमधून तो सर्वांत देखणा कण उचलायचा. त्याचे फोटो पाहून जगाची समजूत झाली की प्रत्येक हिमकण असाच रेखीव असतो. खरं तर आकाशातून पडणारे बहुतांश कण वेडेवाकडे, तुटलेले किंवा नुसत्या बारीक नळीसारखे असतात. सहा पाकळ्यांची परिपूर्ण चांदणी शोधावी लागते.

म्हणजे एकही फोटो खोटा नव्हता, पण सगळे मिळून दिसणारं चित्र अपुरं होतं. इन्स्टाग्रामवर कुणाच्या सहलीचे फोटो पाहून त्याचं सगळं आयुष्य तसंच असेल असं वाटतं, तसंच काहीसं.

पावसाचे थेंब आणि पिठाची परात

उन्हाळ्यात बर्फ नसायचा, तेव्हा बेंटली पावसाकडे वळायचा. थेंबाचा आकार मोजायचा कसा? त्याची युक्ती घरातलीच होती. पसरट भांड्यात सुमारे एक इंच चाळलेलं पीठ घ्यायचं आणि काही क्षण पावसात धरायचं. थेंब पडला की पिठाची गोळी तयार होते. ती वाळवून मोजायची. गोळी आणि थेंब यांचा आकार जुळतो का, हे त्याने आधी माहीत असलेल्या मापाचे थेंब पाडून तपासलं होतं.

साधारण ७० वादळांमध्ये त्याने अशी ३४४ मोजमापं घेतली आणि १९०४ मध्ये ती छापली. सर्वांत मोठे थेंब जेमतेम पाव इंचाचे होते. शास्त्रज्ञांनी या कामाकडे पुढची कित्येक वर्षं लक्षच दिलं नाही. गावातला शेतकरी पिठात थेंब मोजतो, हे कोण मनावर घेणार?

नाव झालं, पैसा नाही

बेंटलीने लग्न केलं नाही. घराच्या एका भागात भाऊ, भावजय आणि त्यांची आठ मुलं राहायची आणि दुसऱ्या भागात तो. आजारी आईची त्याने १९०६ मध्ये ती जाईपर्यंत सेवा केली. वाद्यं वाजवण्याची त्याला हौस होती.

फोटोंना मागणी वाढत गेली. शाळा-कॉलेजांना ते शिकवायला हवे असायचे, दागिने आणि कापडाची नक्षी करणाऱ्यांना नमुने म्हणून. बेंटली एक स्लाइड ५ सेंटला विकायचा. त्याने फोटोंवर कधी मालकी हक्क सांगितला नाही. १९२६ पर्यंत या कामावर सुमारे १५ हजार डॉलर खर्च झाले आणि मिळाले ४ हजारांहून कमी, असा त्याचा स्वतःचाच हिशेब होता. बाकीचा भार गाई आणि शेतीने उचलला.

मान मात्र उशिरा का होईना मिळाला. अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेने १९२० मध्ये त्याला आपल्या पहिल्या फेलोंमध्ये निवडलं. १९२४ मध्ये त्याच संस्थेने त्याला आपलं पहिलं संशोधन अनुदान दिलं. रक्कम होती २५ डॉलर.

पुस्तक हातात आलं आणि

इतक्या फोटोंचं पुढे काय, हा प्रश्न हवामान खात्यातले भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांच्यामुळे सुटला. त्यांनी मजकूर लिहिला आणि नोव्हेंबर १९३१ मध्ये स्नो क्रिस्टल्स हे पुस्तक आलं. त्यात २,४०० हून जास्त फोटो होते.

त्यानंतर काही आठवड्यांतच बेंटली हिमवादळात सुमारे दहा किलोमीटर चालत घरी आला. त्याला न्यूमोनिया झाला आणि २३ डिसेंबर १९३१ रोजी जेरिकोतल्या त्याच घरात तो गेला. वय होतं ६६.

पुस्तक पोहोचलं जपानला

ते पुस्तक जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाती पडलं. नाकाया यांनी ठरवलं, की हे कण प्रयोगशाळेत तयार करून बघायचे. त्यासाठी टांगायला धागा हवा होता. रेशीम, सूत सगळं करून पाहिलं. शेवटी सशाच्या केसावर जमलं आणि १९३६ मध्ये माणसाने बनवलेला पहिला हिमस्फटिक तयार झाला.

किती थंडी आणि किती ओलावा असला की कोणता आकार येतो, याचा तक्ताच नाकाया यांनी मांडला. उणे ५ अंशांच्या आसपास सुया आणि नळ्या, उणे १५ च्या आसपास चांदण्यांसारखे कण. कणाच्या आकारावरून हवा वाचता येईल, हा जेरिकोच्या शेतकऱ्याचा अंदाज प्रयोगशाळेत खरा ठरला. नाकाया यांनी सुबक कणांबरोबर वेडेवाकडे कणही नोंदवले, म्हणजे हेलमान यांची तक्रारही दूर झाली.

आणि ते प्रसिद्ध वाक्य? १९८८ मध्ये नॅन्सी नाइट या अमेरिकी संशोधिकेने मायक्रोस्कोपखाली एकसारखे दिसणारे दोन हिमस्फटिक दाखवले. ते साध्या पोकळ खांबासारखे होते. साध्या आकारांत जोडी सापडू शकते. पण भरपूर फांद्यांच्या चांदणीत इतके बारकावे असतात, की दोन अगदी तंतोतंत सारख्या मिळणं जवळपास अशक्यच. बेंटली जे कण निवडायचा, त्यांच्यापुरतं त्याचं म्हणणं आजही टिकून आहे.

त्याच्या आयुष्यावरच्या मुलांच्या चित्रपुस्तकाला १९९९ मध्ये अमेरिकेतलं मानाचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. त्याच्या काचेच्या निगेटिव्ह बफेलो शहरातल्या विज्ञान संग्रहालयात आहेत, आणि जेरिकोच्या जुन्या लाल गिरणीत त्याच्या फोटोंचं कायमचं प्रदर्शन आहे.